रडायचं नाही

इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळी करायची आणि सहा वर्षांच्या ठमीला खोलीत झोपवून बाहेरून कुलूप लावायचं, एवढाच त्या बाईचा गुन्हा. दिवसपाळीसाठी तिनं मुकादमापुढे किती नाक घासलं होतं, ते कुणी विचारलं नाही. शेजारणीनं कळवलं, गाडी आली आणि ठमी बालगृहात गेली. लेकीला सांभाळायला तिथे इमारत होती, पहारेकरी होता, स्वयंपाकीण होती. आईची पाळी बदलून द्यायला मात्र सगळ्या खात्यात एक माणूस निघाला नाही.

पहिल्या भेटीत मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की ठमीला ताप भरला. तिथल्या मॅडमनी आईला बाजूला घेतलं. "अशी रडारड केलीत तर भेटी बंद कराव्या लागतील. पोर घरी यायला हवी ना? मग मन घट्ट करा."

आता, शहाणपण शिकवणारे पैशाला पासरी मिळतात. पण हिनं ते शिरसावंद्य मानलं. भेटीआधी नळापाशी उभी राहून पोटभर रडायची, तोंड धुवायची आणि मगच आत जायची. ठमीलाही बजावलं, "रडायचं नाही हं. रडलीस की घरी यायला उशीर होईल." लेक आईच्या वरताण निघाली. मांडीवर बसलं की रडू येतं म्हणून ती मांडीवरच बसेना.

पुढे मुकादमाला पाझर फुटला आणि दिवसपाळी मिळाली. आता ठमी घरी येणार, याबद्दल आईच्या मनात शंका उरली नाही. शेवटच्या भेटीला नवे साहेब कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते.

"जेवलीस?"

"हो."

"शाळेत जातेस ना?"

"हो."

वेळ संपली तशी ठमी मागे न बघता दाराकडे निघाली. किती गुणाची माझी बाय, असं आईला वाटलं.

साहेब उठले. "बाई, पाळी बदलली, खोलीही ठीक आहे. पण पोरीला तुमची ओढ दिसत नाही. खरं सांगू? तुम्हालाही तिची नाही. एक चांगलं कुटुंब तिला घ्यायला तयार आहे. तिच्या भल्याचंच आहे ते."

"अहो साहेब, मॅडमनीच सांगितलं होतं, रडू नका म्हणून..."

"त्यांची बदली झाली."

मग मात्र तिचा बांध फुटला. भिंतीला टेकून ती खालीच बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. दारातली ठमी ते ऐकून धावत परत आली आणि तिनं दोन्ही हातांनी आईचं तोंड दाबून धरलं.

"आई, गप ना! साहेब बघतायत."

साहेबांनी ठमीचे कोरडे डोळे नीट न्याहाळले.

"बघा," ते म्हणाले, "आई एवढी रडतेय, पण पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही."