रस्त्यात वाढलेलं पेट्रोल

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मग शाकिरच म्हणाला, "लिही. आईला कुठे वाचता येतं." म्हणून लिहितोय.

शाकिर आणि मी कैरोत एका खोलीत राहतो. मी गाड्यांचं वायरिंग करतो. कुणी शिकवलं नाही, वायरी जाळत जाळत शिकलो. शाकिरचे बाबा बावितीला, वाळवंटापलीकडे खजुरांच्या गावात. त्यांची एक जुनी इंग्लिश गाडी होती, माझ्यापेक्षा दुप्पट वयाची. ईदला नवी करून देतो म्हणून शाकिरने ती कैरोत आणली. त्याच्या सुट्टीच्या दिवशी मी कामावर असताना त्याने डॅशबोर्ड काढला, आतला पत्रासुद्धा घासला, पिस्ता रंग मारला, परत बसवला.

मी म्हटलं, "वेड्या, आतलं कोण बघणारे?"

"बाबा बघतील. ते सगळं उघडून बघतात."

ईद यायच्या आधीच एका सकाळी शाकिरच्या आईचा फोन आला. बाबा गेले.

"दुपार कलली की नमाज, आणि लगेच मातीला नेतील. ऊन फार आहे रे, कुणी थांबणार नाही. तोंड बघायला ये, बाळा."

बस सुटलेली. गाडी होती. शाकिर, मी, आणि मागे त्याची इन्साफ आत्या, मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन. बाबा तिचे धाकटे भाऊ.

शहर सुटेपर्यंत काही नाही. मग खराब रस्ता लागला, सगळी गाडी खडखडायला लागली, आणि टेंपरेचरचा काटा सरळ लाल पट्ट्यात.

"थांब!" मी ओरडलो.

चावी बंद केली. काटा हळूहळू खाली आला. शाकिर बोनेट उघडायला निघाला.

"रेडिएटरचं झाकण उघडशील तर तोंड भाजेल," आत्या म्हणाली. "गार होऊ दे."

थांबलो. सावली नाही. शाकिर रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता. मोबाइलला रेंज नाही. परत निघालो, थोडं गेलो, परत लाल. परत थांबलो.

"अगं तुझ्या...!" शाकिरने स्टिअरिंगवर बुक्की मारली. "आजच? आजच मरायचंय तुला?"

"गाडीला शिव्या देऊ नकोस," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाची आहे."

"तशीच हाणतो. जळू दे इंजिन."

"आणि मधेच जळलं तर?" मी म्हणालो. "मग चालत जाणार?"

तो माझ्याकडे असा बघत होता, जणू हा काटा मीच वर नेलाय. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा तो खाली वाळूत बसला, गुडघ्यात डोकं घालून. सूर्य डोक्यावरून सरकला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात आत्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "भाऊ माझा गेला तरी वरून पेट्रोल भरतोय बघ पोराच्या गाडीत."

"काय म्हणालीस, आत्या?"

"अरे, निघताना पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. मगाशी पाहिला तर टाकी फुल्ल! बरकत आहे त्याची, दुसरं काय."

मी चावी फिरवली. दोन्ही काटे बरोबरीने वर चढायला लागले. हळूहळू, जोडीने, पार टोकाला. इंजिन चालूसुद्धा नव्हतं.

रस्त्यात पेट्रोल वाढतं का कुठे?

धावत जाऊन रेडिएटरवर हात ठेवला. गरम होता, पण हात ठेवता येत होता. फडकं टाकून झाकण सोडलं. वाफ नाही, काही नाही. पाणी काठोकाठ, शांत.

डॅशबोर्डखाली आडवा झालो. या गाड्यांत काट्यांच्या मागे काडेपेटीएवढी एक डबी असते. ती बॅटरीचा करंट कमी करून दोन्ही काट्यांना देते. तिला अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, मिळते ती पत्र्यात पिळलेल्या एका स्क्रूतून. अर्थिंग सुटलं की डबी करंट कमी करत नाही, सगळाच्या सगळा सोडते, आणि दोन्ही काटे वर. स्क्रू सैल झाला होता. आणि त्याच्या खाली पिस्ता रंग. जाड, गुळगुळीत, दोन हात. रंगातून करंट जात नाही; खडखडाटात स्क्रू सैल झाला तसा त्याचा पत्र्याशी संबंधच तुटला.

नखाने रंग खरवडला. स्क्रू पिळला. काटे खाली आले. एक अर्ध्याच्याही खाली, एक मधोमध, जसे असायला हवेत तसे.

"काय होतं?" शाकिरने विचारलं.

माझ्या नखात रंग होता. मी मूठ मिटली. "स्क्रू ढिला होता."

पण तो आंधळा नाही. माझी मूठ उघडून त्याने बघितली.

"इंजिन तापलंच नव्हतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"एकदाही नाही?"

त्यानंतर त्याने अशी गाडी हाणली की आत्या तोंडातल्या तोंडात कलमा म्हणत राहिली.

बावितीच्या वेशीवर माणसं समोरून येत होती. हातांना माती. आम्हाला बघून ती बाजूला झाली, आणि त्यावरून कळलं.

कबर भरून झाली होती. शाकिर खाली बसला, ओंजळीने थोडी माती उचलली, परत तिथेच टाकली. आत्याने तो कॅन पुढे केला. तापलेल्या इंजिनासाठी जपलेलं पाणी, जवळपास सगळं शिल्लक. शाकिरने ते कबरीवर शिंपडलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत.

घरी आईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "गाडी तापली ना रे वाटेत? त्यांना पण असाच त्रास द्यायची."

"हो, आई. फार तापली."

आत्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं.

नंतर तो मला गाडीपाशी घेऊन गेला. पिस्ता रंगावर सगळी धूळ बसलेली. त्याने बोटाने थोडी पुसली.

"मुनीर, आई मला दोष देणार नाही, माहितीये मला. पण ती रंगाला देईल. मग ही गाडी दारात उभी बघवणार नाही तिला. बाबांचं एवढंच उरलंय." त्याने बोट पँटला पुसलं. "तिला काही सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हणालो. "आणि तो स्क्रू दर ईदला मी येऊन बघेन. तुझ्या आईसमोर हा काटा परत खोटं बोलणार नाही."