डुकरिणीचे वाटे

गुरुदासने ती डुकरीण मारली तेव्हा अजून उजेड होता. भाताला लोंब्या आल्या होत्या आणि रानडुकरांचा कळप रोज डोंगरातून उतरून भाताच्या कुणग्यांचा नुसता चिखल करून जात होता. नांदगावपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी गुरुदासची वाडी. शेती सगळ्यांची एकमेकांना लागून, पण शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना एकट्या गुरुदासकडे, वडिलांपासून चालत आलेला. डुकरं मारायला वनखात्याची रीतसर परवानगी मिळाली होती. अट एवढीच, की मारलेलं जनावर वनरक्षकासमोर पुरायचं, कोणी खायचं नाही.

वनरक्षक आला, पंचनामा झाला, खड्डा बुजवला. त्याची मोटारसायकल वळणाआड गेली आणि गुरुदासचा चुलतभाऊ शिवा परत फावडं घेऊन आला.

"एवढा चांगला मटाण मातीत घालूचा?"

गुरुदास नको म्हणाला, पण त्या नको म्हणण्यात फारसा जोर नव्हता. खड्डा उकरून वाटे झाले. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या काशीबाई मांसमच्छी खात नसत. त्यांचं घर सोडून सगळीकडे वाटा गेला. गुरुदासच्या बायकोने, सीताने, खोबरं भाजून वाटण लावलं. दोघं पोटभर जेवली.

सकाळी सीता सडा घालायला बाहेर आली आणि बादली हातात धरून तशीच उभी राहिली. दारासमोरच्या खळ्यात कळप उभा होता. मोठी, मधली, पाठीवर पट्टे असलेली पिल्लं. कुणी जमीन उकरत नव्हतं, कुणी हुंकारत नव्हतं. सगळ्यांची तोंडं दाराकडे होती. घरचा कुत्रा केव्हाच चुलीमागे जाऊन बसला होता.

"आयकलात?" ती मान न वळवता हळूच म्हणाली. "जरा भायर येवा."

गुरुदास बंदूक घेऊनच आला. बंदुकीच्या वासाने डुक्कर पळतं हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. यातलं एकही हललं नाही. त्याने पातेलं बडवलं, दगड मारला. दगड एकाच्या पाठीवर बसला, पण त्या जनावराने कातडंसुद्धा थरथरवलं नाही. बऱ्याच वेळाने सगळा कळप एकदम वळला आणि एकामागून एक शिवाच्या खळ्यात जाऊन तसाच उभा राहिला. तिथून पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. काशीबाईंच्या दारावरून मात्र सरळ निघून गेला.

"माझ्याकडे बघूक पण नाय," काशीबाई नंतर सीताला सांगत होत्या. "जसा काय थंय घरच नाय."

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, कळप कोणत्या घरांपुढे थांबतो ते.

कळप मग रोज येऊ लागला. येताना भातातूनच यायचा, पण आता एक लोंबी मोडत नव्हती. पोरांना शाळेत सोडायची कोणाची छाती होईना. शेवटी शिवा म्हणाला, "आणखी एक पाड. भियान पळतली."

परवानगी अजून होती. गुरुदासने ओटीवरून पुढच्या डुकरावर नेम धरला. बार झाला, डुक्कर जागच्या जागी कोसळलं. बाकीची दचकली नाहीत. मागचं एक शांतपणे पुढे सरकलं आणि पडलेल्याच्या जागी उभं राहिलं.

गुरुदासने बंदूक भिंतीला टेकवली. मग तो खाली बसला.

"हाडां परत देवया," सीता म्हणाली.

"कोणाची हाडां?"

"तुमका ठावक आसा कोणाची."

कळप पुढच्या घराकडे गेल्यावर तिने सूप घेतलं आणि उकिरडा उपसायला लागली. थोड्या वेळाने शेजारणी आपापल्या उकिरड्याशी वाकलेल्या दिसल्या. गटारातली, माडाच्या आळ्यातली, कुत्र्यांनी ओढून नेलेली, मिळतील तेवढी हाडं गोळा झाली. शिवा सगळ्यात शेवटी आला. त्याच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ते त्याने कोणाला दाखवलं नाही, नुसतं डुकरिणीच्या खड्ड्यात बाकीच्या हाडांवर ठेवलं आणि स्वतः माती ओढली.

नव्या डुकराच्या पंचनाम्याला वनरक्षक आला. या वेळी पुरलेलं जनावर पुरलेलंच राहिलं.

"बाकीच्यांचं काय? परवानगी आहे अजून," तो म्हणाला.

"नको साहेब," गुरुदास म्हणाला. "ती परत घ्या."

दुसऱ्या दिवशी खळी रिकामी होती. नंतरही कळप आला नाही. भात पिकलं, इतकं चांगलं की तसं पीक वाडीने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

कापणीला सगळी वाडी एकत्र उतरली. ऊन चढायच्या आत चारी बाजूंनी कापत सगळे मधल्या कुणग्यापाशी आले. मध्ये थोडंच भात उभं राहिलं होतं. गुरुदासने विळा घातला आणि थांबला. आत भात गोल दबलेलं होतं, मोठं जनावर अंग टाकून बसावं तसं. त्याने तळहात टेकवला. जागा ऊबदार होती.

चारी बाजूंना माणसं होती, आणि तिथून काही बाहेर पडताना कोणी पाहिलं नव्हतं.

"काय झाला?" सीताने विचारलं.

तो बाजूला झाला. तिनेही हात लावून बघितलं, मग तो पदराला पुसला.

"ह्या भात तसाच ठेवा," ती म्हणाली.

तेवढं भात कापायचं राहिलं. पेंढ्या बांधून सगळे घरी निघाले. मागे कोणी वळून पाहिलं नाही.