टकळीच्या वतीने

सकाळपासून आईने कितीतरी छात्यांचे एक्स-रे काढले होते, एक गुडघा आणि एक मनगटही उरकलं होतं, आणि प्रत्येक वेळी काचेमागून तेच सांगितलं होतं: श्वास आत घ्या, धरून ठेवा, हलू नका. मग बटण. मग, सोडा. हे शेवटचं सांगायला ती आज चक्क विसरली. एक म्हातारे गृहस्थ प्लेटला छाती टेकवून लालबुंद होईपर्यंत उभे राहिले आणि शेवटी त्यांनीच विचारलं, "बाई, सोडू का आता?" आई ओशाळली. माफी मागून तिने त्यांचा शर्ट त्यांच्या हातात दिला आणि ते गेल्यावर दार लावून स्टुलावर मटकन बसली. तिच्या पोटात मंगळवारपासून गोळा आला होता, आणि तो कुठल्याही एक्स-रेत दिसणारा नव्हता.

सोमवारी टकळीच्या शाळेत बोलावणं होतं. टकळी म्हणजे थोरली, सतरा वर्षांची. लहानपणी तिचं तोंड क्षणभर बंद नसायचं. झोपेतसुद्धा कुणाशी तरी भांडायची, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. आता नाव तेवढं उरलं होतं. देश बदलला आणि पोरीचं बोलणं आटत गेलं. धाकटा तेरा वर्षांचा. तो फुटबॉलच्या मागे धावत महिन्याभरात इथलाच होऊन गेला. टकळी मात्र शाळेतून यायची, "बरं होतं" म्हणायची आणि खोलीत जाऊन लॅपटॉप उघडायची. मार्क चांगले होते. शिक्षकांची तक्रार एकच होती, वर्गात तोंड उघडत नाही.

आईला ही तक्रार वाटलीच नव्हती. मुलगी गप्प बसते, मार्क आणते, अजून काय हवं? पण या देशात नुसत्या मार्कांवर विद्यापीठ मिळत नव्हतं. शाळेच्या समुपदेशक बाई प्रत्येक मुलाशी बोलायच्या आणि मग शाळा शिफारस द्यायची. शिफारस मिळाली तर विद्यापीठ. नाही मिळाली तर कुठल्याशा कामाच्या मदतनिसाचा दोन वर्षांचा कोर्स आणि पुढे मिळेल ती नोकरी. इथल्या मुलांना तेही चालायचं, त्यांना देश सोडून कुठे जायचं नव्हतं. टकळीचा इथे राहायचा परवाना आईच्या नोकरीला जोडलेला होता आणि अठरा पूर्ण झाली की संपणार होता. विद्यापीठात जागा असेल तर तिला स्वतःचा परवाना मिळणार होता, मदतनिसाच्या कोर्सला तो नव्हता. म्हणजे पोरीने एकटीने परत जायचं. आणि जायचं तरी कुठे? तिकडचं घर विकून, भांडीसुद्धा वाटून टाकून ही मंडळी आली होती, ती मुलांच्या शिक्षणासाठीच.

एवढं सगळं माहीत असूनही सोमवारी आईने व्हायचा तो घोटाळा केलाच. समुपदेशक बाई टकळीकडे बघून विचारत होत्या, "तुला कशात रस आहे?"

"विज्ञानात," आई म्हणाली.

"वर्गातला कुठला दिवस तुला सगळ्यात जास्त आवडला?"

"तिला प्रयोगशाळा फार आवडते. जरा लाजते ती, पण हुशार आहे हो."

बाईंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा टकळीकडे, आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर आईनेच दिलं, आणि मोठ्या अदबीने दिलं. तिला वाटलं, आपण पोरीला सांभाळून घेतोय. ती जिथे वाढली तिथे मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलांनी हात बांधून उभं राहायचं आणि आईबापांनी बोलायचं, अशी पद्धत होती. पोर मध्येच बोललं तर घरी गेल्यावर त्याची खरडपट्टी निघायची. टकळी अगदी शहाण्यासारखी गप्प बसली होती. बाहेर आल्यावर आईने तिच्या पाठीवर हातसुद्धा फिरवला.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "तुमची मुलगी स्वतःहून एक शब्द बोलली नाही. तिला काय हवंय हे आम्हाला कळलेलं नाही, आणि बहुधा तिलाही. अशा स्थितीत शिफारस देता येत नाही."

आईने विनवण्या केल्या, पुन्हा पुन्हा "माझी चूक झाली" म्हटलं. शेवटी बाईंनी गुरुवारची वेळ दिली. "आम्ही तिघं असू. तुम्ही मागे बसू शकता. पण बोलायचं फक्त तिने. तेव्हाही ती बोलली नाही, तर मग माझ्या हातात काही नाही."

बाबांना हे सांगितल्यावर ते आधी हसले. बाबा फर्निचरच्या कारखान्यात कपाटांच्या दारांना बिजागऱ्या बसवायचे आणि संकट आलं की आधी हसायचे, ही त्यांची जुनी खोड. "टकळीला बोलायचं सांगायला शाळेने फोन केला? अगं, हिला गप्प करायला आपण किती लाच दिली होती, आठवतंय?" मग आईचा चेहरा बघून त्यांचंही हसू मावळलं.

बुधवारी सगळे जेवायला बसले. बाबांनी विचारलं, "काय गं टकळे, उद्याची तयारी?"

"झालीय तिची," आई म्हणाली.

"मी टकळीला विचारलं."

"अहो, तेच सांगतेय ना. झालीय. सगळी उत्तरं पाठ आहेत."

"अजून वाढू का तुला?" बाबांनी टकळीला विचारलं.

"नको तिला, भूक नाहीये आज."

धाकट्याला हसू आवरेना. "बाबा, ताईचा आवाज हल्ली आईतून येतो."

बाबाही हसले. टकळी ताटाकडे बघत राहिली. आईचा घास हातातच राहिला. पोरीने शेवटचं आपणहून कधी काही सांगितलं होतं, हे तिने आठवून पाहिलं. कालचं आठवेना, गेल्या आठवड्याचंही आठवेना. तिला एकदम भीती वाटली, आणि ती शाळेची किंवा परवान्याची नव्हती. पोरीला बोलताच येत नसलं तर? आपणच बोलून बोलून तिचं बोलणं संपवलं असलं तर?

जेवणानंतर ओट्याशी आई भांडी घासत होती आणि टकळी पुसत होती. आईने प्रश्न विचारायचे आणि टकळीने उत्तरं म्हणून दाखवायची, असं दोन दिवस चाललं होतं. उत्तरं अर्थातच आईने तयार केली होती.

"तुला काय शिकायचंय?"

"मला लहानपणापासून मानवी शरीराविषयी कुतूहल आहे. माझी आई रुग्णालयात काम करते, तिच्याकडून मला प्रेरणा मिळाली."

एक चूक नव्हती. पण थांबायच्या जागा आईच्या होत्या, आवाजाचा चढउतार आईचा होता, 'प्रेरणा'वरचा जोरसुद्धा आईचाच. स्वतःचंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून आईच्या अंगावर काटा आला.

"घाबरलीस का गं?" तिने विचारलं, आणि टकळीने तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, "घाबरू नकोस. काही होत नाही."

टकळीने ताटली पुसून ठेवली आणि ती खोलीत गेली. थोड्या वेळाने आई तिच्या दारात डोकावली. लॅपटॉपवर जगाचा नकाशा होता आणि त्यावर लाल ठिपके लुकलुकत होते. हा खेळ आईने पूर्वीही पाहिला होता. "बंद कर तो गेम आता, उद्या लवकर उठायचंय," ती म्हणाली. टकळीने मुकाट्याने लॅपटॉप मिटला.

गुरुवारी आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शाळेची ती खोली लांबट होती. एका बाजूला टेबल, पलीकडे समुपदेशक बाई, विज्ञानाच्या शिक्षिका आणि उपमुख्याध्यापक. अलीकडे एक खुर्ची टकळीसाठी. आणि पार मागे, कपाटाला टेकून, एक खुर्ची आईसाठी. तिथून तिला पोरीची पाठ, वेणी आणि लाल झालेले कान तेवढे दिसत होते.

पहिला प्रश्न आला. टकळीने उत्तर म्हटलं. मानवी शरीर, कुतूहल, आई, प्रेरणा. दुसराही प्रश्न ओळखीचाच निघाला. आई मनात तिच्याबरोबर ओळ न् ओळ म्हणत होती. आता होईल, तिला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात उपमुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस प्रेमळ दिसत होता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "छान पाठ केलंयस," ते म्हणाले. "आता पाठ न केलेलं सांग. घरात कुणी काही सांगणार नाही, शाळा नाही, परीक्षा नाही. अशा दिवशी तू काय करतेस?"

हा प्रश्न ओट्याशी झालाच नव्हता.

टकळी गप्प. तिघं थांबले. बाहेर मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवली. मग तिने मान वळवून मागे पाहिलं, थेट आईकडे. लहानपणी लसीची सुई दिसली की बघायची तसंच.

आईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. वाचते म्हणावं, अवांतर वाचन. किंवा भावाचा अभ्यास घेते. एकच शब्द, नुसता ओठांनी पुटपुटला तरी पोरीला कळला असता. खोलीत कुणाला ऐकूही गेला नसता. आणि नाही बोललं तर? अठरा पूर्ण होतील, विमानतळावर एक बॅग घेऊन ही उभी असेल, पलीकडे घ्यायला येणारं कुणी नसेल. आईने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. श्वास आत घे, तिने स्वतःला बजावलं. धरून ठेव. हलू नकोस.

असं सांगून लोकांना रोज उभं करणारी बाई होती ती, पण हे किती अवघड असतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं. तिने पोरीच्या नजरेला नजर दिली, आणि मिठाची गुळणी धरून बसून राहिली. टकळीच्या डोळ्यांत आधी आश्चर्य दिसलं. मग राग. मग तिने मान परत वळवली.

"मला एक विचारायचंय," टकळी त्या तिघांना म्हणाली. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा. "माझ्या आईला बाहेर बसायला सांगाल का?"

उपमुख्याध्यापकांनी आईकडे पाहिलं. ती उठली, पर्स खाली पडली ती उचलली, आणि बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं.

बाहेर बाक होता, पण तिला बसवेना. ती दाराशी उभी राहिली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं, संपलं. आपल्या देखत जी बोलली नाही ती त्या तिघांसमोर काय बोलणार? आपण उठायलाच नको होतं. दार उघडून सांगावं, हिची तब्येत बरी नाही, अजून एक संधी द्या. तिचा हात दाराच्या मुठीवर गेलासुद्धा.

मग आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण आवाज टकळीचा होता. थांबला, परत सुरू झाला, मग थांबेचना. मध्येच कुणीतरी प्रश्न विचारला तर त्याच्या वर चढून बोलू लागला. लहानपणी ती अशी बोलायला लागली की बाबा कानांवर उशी धरायचे. आईने मुठीवरचा हात काढला आणि ती बाकावर जाऊन बसली. आत काय चाललंय, पोर काय सांगतेय, तिला काही कळत नव्हतं. आपल्याविषयीच सांगत असेल का?

दार उघडलं तेव्हा टकळी लालबुंद होती आणि समुपदेशक बाई हसत होत्या. "शिफारस मिळेल," त्या आईला म्हणाल्या. "बाकीचं ती सांगेल तुम्हाला." आणि आत गेल्या.

आईला रडूच फुटलं. तिने टकळीला जवळ घेतलं, पण पोर तिच्या मिठीत जरा ताठच उभी राहिली. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. बाबा होते, कारखान्यातून.

"काय झालं गं? बोलली का?"

आईने तोंड उघडलं, आणि मिटलं. फोन टकळीच्या हातात दिला. "तिलाच विचारा."

"बाबा, मिळाली," टकळी म्हणाली. "नाही, शरीर-बिरीर नाही. भूकंप. हो, भूकंपच. कुठे कुठे होतात ते मी रोज बघते, आईला तो गेम वाटतो. शिकवतात ना, पण इथे नाही. देशाच्या वरच्या टोकाच्या शहरात. रेल्वेने दीड दिवस लागतो. वसतिगृह आहे. हो, एकटी. बाबा, मला घाबरायला होतंय, पण जायचंय."

आई ऐकत होती. परत पाठवतील म्हणून जिच्यासाठी तीन दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता, ती आता आपणहून निघाली होती, आणि तेही दीड दिवसाच्या वाटेवर.

फोनमधून बाबांचा आवाज बाहेर ऐकू आला. "अगं, आणि आई काय म्हणतेय?"

टकळीने आईकडे पाहिलं. आईचे ओठ हलले.

"आई हो म्हणतेय," टकळीने फोनवर सांगितलं. "जरा घाबरलीय, पण हो म्हणतेय."

आईने अजून काहीच म्हटलं नव्हतं.