बॉनेटवरचा डाग

इस्पितळाच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला डागांबद्दल शहाणपण शिकवायला जाऊ नये. रक्ताला गार पाणी, तेलाला कोमट आणि शाईला धीर, असं ती कामावर लागलेल्या नव्या बायकांना पढवायची. डाग म्हणजे हट्टी पोर, आपण त्याच्याहून हट्टी व्हायचं, म्हणजे निघतो, असा तिचा सिद्धांत. निवृत्त झाली त्या दिवशी खात्याने तिला शाल दिली आणि तिने स्वतःहून जुन्या, विरलेल्या पांढऱ्या चादरींचं एक गाठोडं मागून घेतलं. फडक्यांना बरं, म्हणाली.

तिला सगळे ताई म्हणत. तसं म्हणायचा खरा हक्क एकट्या धाकट्याचा, तिच्या पाठच्या भावाचा. तो आठ वर्षांपूर्वी परदेशी नोकरीला गेला. जाताना आपली मरून रंगाची गाडी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत लावली, किल्ली ताईच्या हातात दिली आणि म्हणाला, "मी येईपर्यंत सांभाळ गं." लोक असं बोलतात आणि विमानात बसेपर्यंत विसरूनही जातात. ताईने मात्र ते बोलणं पदराला गाठ मारून ठेवलं.

तिला गाडी चालवता येत नव्हती. दर चार दिवसांनी ती चालकाच्या जागेवर बसायची, किल्ली फिरवायची, पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायची आणि गाडी जागची न हलवता उतरून यायची. हे सोपं होतं. अवघड होती ती धूळ. इमारतीला लागून विटांची वखार होती. सकाळ-संध्याकाळ ट्रक यायचे, विटा उतरायच्या आणि लाल भुकटी उडून सगळ्यांच्या खिडक्यांवर, कपड्यांवर आणि नेमाने त्या गाडीवर बसायची. शेजाऱ्यांनी वखारवाल्याशी भांडण केलं आणि थकून सोडून दिलं. ताई भांडली नाही. तिने बाह्या सावरल्या.

रोज सकाळी चहाच्या आधी ती खाली उतरायची आणि इस्पितळाच्या चादरीचं कोरडं फडकं टपापासून चाकापर्यंत सगळ्या गाडीवर फिरवायची. मग गाडीवर खोळ चढवायची. ही खोळ तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी शिवून दिली होती, आरशांना कान ठेवून. शनिवारी मात्र साग्रसंगीत. सुट्या भागांच्या दुकानातून आणलेल्या डब्यातली पॉलिशची जाड पेस्ट फडक्यावर घ्यायची आणि बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत गोल गोल घासायचं. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वर्षातून एकदाच वापरावी. ताईने ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "हे आळशी लोकांसाठी असणार."

"ताई, नवऱ्यालाही कुणी इतकं पुसत नाही हो," शिंपीणबाई मशीनवरून हसून म्हणायच्या.

"नवरा असता तर त्यालाही सोडला नसता," ताई म्हणायची. हसायची आणि मग दोन जिने चढून वर जायची. दोन खोल्या, एक पलंग, एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर घडी केलेली फडकी असायची. बसायला कुणी येणार असतं तर ती उचलली असती.

आठवड्यात तिचा फोन एकदाच वाजायचा. रविवारी, सकाळी दहाला.

"गाडी बरी आहे ना?" धाकटा विचारायचा.

मग ताई सांगायची. डाव्या टायरची हवा कमी झाली होती, भरून घेतली. टपावर एक मांजर झोपायला लागली आहे, पण नखं लावत नाही. वखारीत आज सुट्टी होती, त्यामुळे धूळ कमी. बुधवारी काही घडलं तर ती ते रविवारसाठी राखून ठेवायची. फार काही घडलं नाही तर थोडा मीठमसाला लावायची. आठ-दहा मिनिटं बोलणं चालायचं, मग धाकटा म्हणायचा, "बरं, सांभाळ," आणि फोन बंद व्हायचा. ताई काही दूधखुळी नव्हती. गाडी आहे म्हणून फोन आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडी नसेल तर एक परदेशातला माणूस एका म्हातारी होत चाललेल्या बहिणीला दर रविवारी काय विचारणार? म्हणून ती त्या रंगाला तळहातावरच्या फोडासारखं जपत होती.

आणि एका शनिवारी बॉनेटच्या कडेला तिला करडा डाग दिसला.

नाण्याएवढा. मळका, खडूसारखा. ताईला जवळजवळ आनंदच झाला, कारण डाग हा तिचा प्रांत. तिने साबण लावला, सोडा लावला, लिंबाची फोड चोळली, शेवटी पेस्ट. डाग गेला नाही. दुसऱ्या दिवशी घासला तर थोडा पसरला. ती हात धुवून त्याच्या मागे लागली. दुसऱ्या शनिवारी डाग तळहाताएवढा झाला आणि टपाच्या कोपऱ्यावर त्याचा एक भाऊ उगवला. फडकी लाल होत होती, पण ती तर वखारीमुळे रोजच व्हायची. रविवारी दहाला फोन आला.

"गाडी बरी आहे ना?"

"झकास आहे," ताई म्हणाली. आठ वर्षांत ती पहिल्यांदाच सरळसरळ खोटं बोलली होती.

सोमवारी ती दोन गल्ल्या सोडून असलेल्या गॅरेजमधल्या रंगाऱ्याला घेऊन आली. गाड्या रंगवण्यात जन्म गेलेला माणूस, नखांत दहा रंग. त्याने खोळ काढली, खाली वाकून बॉनेटवरून नजर टाकली, डागावर नख फिरवलं.

"ताई, हा डाग नाही."

"मग काय आहे?"

"प्रायमर. रंगाच्या खालचं अस्तर म्हणा. इथला रंग संपला."

"संपला म्हणजे? गेला कुठे?"

रंगाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीलगत दोरीवर इस्पितळाची फडकी वाळत होती, धुऊन धुऊनही लालसर राहिलेली.

"तिथे," तो म्हणाला.

ताई फडक्यांकडे बघत राहिली. लाल ब्लँकेट पांढऱ्या चादरींत गेलं तर ती खात्याच्या दारातून ओळखायची, रंग जाणारं कापड तिला नुसत्या वासावरून कळायचं, आणि इथे आठ वर्षं तिच्या स्वतःच्या हाताने रंग जात होता नि ती विटांच्या नावाने बोटं मोडत होती.

"मी रोज पुसत होते हो," ती म्हणाली. "एक दिवस चुकला नाही."

"तेच तर. विटेची भुकटी म्हणजे पॉलिशपेपर. त्यावर कोरडं फडकं फिरवलं की रंगच खरवडला जातो. वर ही पेस्ट. ती तर रंग सोलायलाच बनवलेली असते, ओरखडे घालवायला. वर्षातून एकदा ठीक."

"पण खोळ तर घालत होते."

"खोळ वाऱ्याने हलते. आत राहिलेली धूळ दिवसभर घासत बसते." रंगारी कडक बोलत नव्हता, उलट त्यालाच वाईट वाटत होतं. "अति तिथे माती म्हणतात, ताई. तुमच्याकडे तर ती विटांची."

"मग करायला काय हवं होतं?"

"आठवड्यातून एकदा भरपूर पाणी ओतायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग मऊ हाताने धुवायची. बाकी दिवस हात लावायचा नाही."

"धूळ बसू द्यायची?"

"बसू द्यायची. नुसती बसलेली धूळ काही वाईट करत नाही."

ताईने हळू आवाजात विचारलं, तेवढ्यापुरता रंग मारता येईल का, कुणाला कळणार नाही असा. रंगाऱ्याने नकारार्थी मान हलवली. जुन्या मरूनशेजारी नवा मरून उन्हात लगेच ओळखू येतो. आख्खी गाडीच रंगवावी लागेल, आणि ते गाडीच्या मालकाला विचारल्याशिवाय तो करणार नाही. एवढं सांगून तो गेला.

तो आठवडा ताईने कसा काढला ते तिलाच माहीत. गाडीकडे फिरकायची हिंमत नव्हती, आणि गाडीकडे जायचं नाही तर सकाळी उठून करायचं काय, हा दुसरा प्रश्न. मंगळवारी ती चहा करून खुर्चीवर बसली. चहा संपला तेव्हा साडेसहा झाले होते. पुढे अख्खा दिवस पडला होता. शुक्रवारी शिंपीणबाईंनी विचारलं, "बरं नाही का?" तर ती "कंबर धरली" म्हणाली, आणि वर जाऊन रडली. कंबर चांगली ठणठणीत होती. भाऊ तुटणार, ही भीती होती ती.

रविवारी दहाला फोन वाजला.

"गाडी बरी आहे ना?"

"नाही," ताई म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं: पेस्ट, फडकी, प्रायमर, मागच्या रविवारचं खोटंही. मधे थांबली नाही. थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं. "मी तुझी गाडी घासून संपवली रे. तू एवढी विश्वासाने ठेवलीस."



"ताई," धाकटा म्हणाला, "जाऊ दे ती गाडी. खरं तर चार वर्षांपूर्वीच मी तुला सांगणार होतो, विकून टाक म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विक म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, आल्यावर कशात फिरशील?"

ताईला कळायला एक क्षण लागला.

"म्हणजे तू येणार नाहीस."

"भेटायला येईन ना. पण राहायला... इथलं काम कायम झालंय, ताई. आता तिकडे येऊन मी करणार काय? मला सांगायला तोंड नव्हतं. तू दर रविवारी गाडीचं इतकं मन लावून सांगायचीस."

"बरं," ताई म्हणाली. आणखी एकदा म्हणाली, "बरं." मग फोन तिनेच ठेवला, आठ वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतरच्या आठवड्यात तिने गाडीला हात लावला नाही. खोळ काढून शिंपीणबाईंना परत दिली, पिशव्या शिवा म्हणाली. गाडीवर धूळ बसली, दाट, लाल, सगळीकडे सारखी. करडे डाग तिच्याखाली दिसेनासे झाले. ताई ते वरून खिडकीतून बघायची आणि तिला राग यायचा: धाकट्याचा, वखारीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. येत्या रविवारी फोन वाजणार नाही, हे तिने गृहीत धरलं होतं. कशासाठी वाजेल? गाडीचं सगळं सांगून झालं होतं.

तरीही रविवारी पावणेदहाला तिने साडी बदलली. दहाला फोन वाजला.

"ताई," धाकटा म्हणाला.

"हं," ताई म्हणाली. आठ वर्षांची सवय मोडली होती आणि दोघांनाही दुसरं काही येत नव्हतं.

"काय करतेस?" त्याने विचारलं.

"काही नाही. बसले होते." ती एवढ्यावर थांबणार होती, पण आता लपवायला काही उरलं नव्हतं. "सकाळी उठले की काय करायचं तेच कळत नाही रे. जेवण करायचाही कंटाळा येतो एकटीसाठी. तुझा आवाज का असा बसलाय? सर्दी झालीय का?"

"नाही गं. आत्ताच उठलो."

"दहाला?"

"इथे साडेपाच वाजलेत."

"संध्याकाळचे?"

"पहाटेचे, ताई."

तिकडची वेळ वेगळी असते हे तिला माहीत होतं, पण किती वेगळी, ते मोजून बघायचं तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. "आणि दर रविवारी तू याच वेळेला..."

"गजर लावतो. तू पहिल्याच आठवड्यात म्हणाली होतीस ना, सगळं उरकून दहाला मी मोकळी होते म्हणून."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यापाठोपाठ चांगलाच रागही आला, थोरल्या बहिणीचा. "आठ वर्षं? सुट्टीच्या दिवशी? वेडा आहेस का तू? पुढच्या वेळी दुपारी कर. ठेव आता फोन आणि झोप जा मुकाट्याने."

"नको ना, ताई," धाकटा म्हणाला. "आत्ता ठेवलास तर पुढच्या रविवारपर्यंत मी कुणाशी बोलू?"