पद्माबाईंचे उपास

धम्मानंदच्या पत्राला भागवतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हिवाळ्यात आलं होतं, आता उन्हं तापायला लागली होती.

दोघं जुने दोस्त, पुस्तकांच्या नादातून जमलेले. धम्मानंदला फोनपेक्षा पोस्टकार्ड आवडे. पत्राआधी भागवतराव पद्माबाईंना घेऊन आखाडा बाळापूरला त्याच्या घरी गेले होते, तेव्हा त्याच्या बायकोनं, करुणाबाईंनी, हौसेनं पुरण घातलं होतं. पद्माबाईंनी उपास सांगितला आणि ताटाला हात लावला नाही. धम्मानंदचं घर बौद्ध. नाकारलेलं ताट म्हणजे काय, हे त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. 'आमचं अन्न वहिनींना चालत न्हाई, असं करुणा म्हणते. मी न्हाई म्हणतो. खरं काय ते तू लिही,' एवढंच पत्रात होतं.

खरं सांगायचं तर शपथ मोडावी लागली असती. जेवण झालं की थोड्या वेळानं पद्माबाईंच्या पोटात पिळवटून येई. गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मग त्यांनी जेवणच सोडलं आणि त्याला उपास नाव दिलं. लोक भलता रोग म्हणतील, म्हणून नवऱ्याला लेकीची शपथ घातली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. कळमनुरीत त्यांच्या भक्तीचं कौतुक होऊ लागलं, आणि अंगावरचं पोलकं ढिलं होत गेलं.

त्या सकाळी मात्र दुखणं थांबेना. भागवतराव आणि जाऊ जिवनबाई त्यांना घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टर कोमल यांनी पोट दाबून पाहिलं. पोट मऊ होतं, बाई तर तळमळत होत्या. हे जुळत नाही, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं. जिवनबाईंनी अभिमानानं सगळे उपास सांगितले. उपाशीपोटी पित्त उसळलं असेल का, असा विचार डॉक्टर करू लागल्या.

भागवतरावांना कळत होतं, हे चुकतंय. आपण बोलावं, अन् चुकीचं निघालं तर? डॉक्टरांपुढं आपण कोण? पलंगावरून पद्माबाई डोळ्यांनीच नको म्हणत होत्या. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि भागवतरावांच्या तोंडून निघूनच गेलं.

"डॉक्टर, ती उपास करत न्हाई. ती खायला भिऊन राहिली."

जिवनबाई आ वासून पाहू लागल्या. डॉक्टर गर्रकन वळल्या. जेवल्यावर किती वेळानं दुखतं, वजन केव्हापासून उतरलं, त्या विचारत गेल्या आणि भागवतराव न अडखळता सांगत गेले. इतकं ते चार माणसांत कधी बोलले नव्हते. मग सगळीकडे एकच धावपळ उडाली. किडनीचा रिपोर्ट, हाताला सुई, शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी भागवतरावांना पडद्यापुढं बोलावलं. काळ्या चित्रात रक्तवाहिन्या पांढऱ्या झळकत होत्या, झाडाच्या फांद्यांसारख्या. आतड्याला रक्त नेणारी मोठी नळी मात्र तोंडाशीच धाग्याएवढी झाली होती.

"ठिबकच्या नळीचं तोंड बुजल्यासारखं," भागवतराव पुटपुटले.

"बराबर. जेवलं की आतड्याला रक्त जास्त लागतं, ते पोचत नाही. म्हणून दुखतं." डॉक्टरांचं बोट पडद्यावर पुढं सरकलं. "ही आतड्याची भिंत बघा, उजळलीय. औषध इथवर पोचलंय. आतडं जिवंत आहे काका. पण आजच नांदेड गाठा."

जिवंत. भागवतरावांना तो करडा उजेड पुन्हा पुन्हा पाहावासा वाटला. अँब्युलन्समध्ये पद्माबाईंचा हात धरून ते सगळ्या वाटेनं त्याच उजेडाबद्दल बोलत राहिले.

नांदेडला मांडीतून तार घालून अरुंद जागी जाळीची नळी बसवली. डॉक्टरांनी मुभा दिली, तसा वरणभात आला. पद्माबाई चार घास खाऊन पोटावर हात ठेवून बसल्या. भागवतराव त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. वेळ गेला, चहा येऊन गेला, दुखणं आलं नाही.

"असं काहून बघून राहिले? शपथ मोडली तुमी."

"मोडली."

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि ताट पुढं ओढलं. "अजून थोडा भात सांगा. अन् त्या करुणाबाईला आधी कळवा. तिच्या पुरणाकडं बघून तोंडाला पाणी सुटलं होतं, अन् भीतीनं हात उचलंना."

भागवतरावांनी पोस्टकार्ड आणलं. सुरुवात कशी करावी याचा घोळ नेहमीसारखा घातला, दोन कार्डं वाया घालवली. तिसऱ्यावर पद्माबाईंचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं आणि खाली लिहिलं, 'तिला तुमच्या घरचं नव्हे, कुठलंच अन्न घेववत नव्हतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तिला चालता यायला लागलं की येतो. करुणाबाईंना म्हणावं, पुरण घाला.'

मग पुन्हा न वाचता ते खाली उतरले आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.