तळघरातला दयाळ

ऑफिसांच्या इमारतीखाली, पार्किंगमधल्या काचेच्या केबिनमध्ये ती पावत्या फाडायची. सगळे तिला ताई म्हणत. सकाळी सातला खाली उतरायचं, संध्याकाळी सातला वर यायचं. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला गाड्यांच्या टपांवरून कळायचं.

केबिनसमोरच्या तुटक्या पाइपात दयाळ पक्ष्याच्या जोडीनं संसार थाटला. घरट्यात काड्यांपेक्षा वायरींचे तुकडेच जास्त. नर भलताच हुशार. धूर ओढणारा पंखा घरघरत असला की गप्प, पंखा थांबला रे थांबला की गळा मोकळा. तेवढी दहा मिनिटं ताई गाडीवाल्यांना हॉर्न वाजवू द्यायची नाही.

चार पिल्लं झाली. त्यांच्यासाठी किडे आणायला जोडी दिवसभर आत-बाहेर करू लागली. शनिवारी ताईच्या लक्षात आलं. रविवारी ऑफिसांना सुट्टी, पार्किंगचं शटर बंद!

ती सुपरवायझरकडे गेली. "साहेब, उद्या शटर हातभर उघडं ठेवा ना. पिल्लं उपाशी मरतील."

"उघडं ठेवायचं तर राखायला माणूस हवा. तुम्ही बसता?"

ताईनं आईला फोन लावला. आई दोन तासांवर एकटी राहायची. गुडघ्यांनी जाम झालेली. दर रविवारी ताईच आपल्या लहान मुलीला घेऊन जायची, आईला न्हाऊ घालायची.

"पक्ष्यांसाठी येत नाहीस?" आई म्हणाली. "मग मीही पाइपात जाऊन बसते!"

दोघी हसल्या. मुलीला शेजारणीकडे ठेवून ताई तो रविवार बसली, पुढचाही बसली. दुसऱ्या रविवारी दुपारी तीन पिल्लं धडपडत, गाड्यांच्या आरशांना धडकत उजेडात गेली. चौथं आलंच नाही. ताईनं डोळे पुसले, पण मनाला समाधान होतं.

सोमवारी फळ्यावर ड्यूटीचा नवा तक्ता लागला: रविवार, ताई. सुट्टी बुधवारी.

"साहेब, हे काय?"

"रविवारी शटर उघडं राहिलं ते वरच्यांना आवडलं. रविवारीही पार्किंग चालू ठेवायचं ठरलंय. तुम्हाला सवय आहेच की."

"पण आईकडे जायचं असतं मला. बुधवारी मुलीची शाळा, आणि दर रविवारी तिला कुणापाशी ठेवू?"

"आता सही झालीय, ताई."

ती केबिनमध्ये परतली. मादी चोचीत वायर धरून पुन्हा पाइपात शिरत होती. ताईनं फोन उचलला, आईचा नंबर काढला आणि फोन तसाच पावतीपुस्तकाशेजारी ठेवून दिला. समोर गाडी येऊन थांबली होती.