चौथ्या खंडाचा टेकू

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे आणि मोठ्यांदा शपथ घेऊन सांगते, आता सांगेन त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलले तर माझा खिळा गळून पडो.

सुताराने मला बनवलं ते शिंप्याच्या घरातल्याच दुकानात कापडाचे तागे ठेवायला. तागे म्हणजे सुखी मंडळी. आज आले, उद्या कापले गेले, परवा कुणाच्या तरी अंगावर चढून फिरायला निघाले. ओझं कधी साचलंच नाही.

पण आमच्या शिंपीमास्तरांना युद्धांचं वेड लागलं. करायचं नव्हे हो, वाचायचं. बोटाला सुई टोचली तरी त्यांना घेरी यायची! झालं असं, की रद्दीवाल्याने दिलेल्या एका पुस्तकात सेनापतीचा फोटो होता आणि त्याचा कोट खांद्यात उसवलेला. एवढ्या मोठ्या माणसाचा कोट उसवलाच कसा, हे शोधायला मास्तर वाचायला बसले, ते उठलेच नाहीत. तागे खाली उतरले आणि माझ्यावर फौजा चढल्या. घोडदळं, पाणबुड्या, वेढे, माघारी. हरलेल्या सेनापतींची आत्मचरित्रं सगळ्यात जाड. हरलेल्या माणसाला सांगायचं फार असतं.

एकमेकांशी लढलेल्या सेनापतींना मास्तर शेजारी ठेवत नसत, मध्ये बायकोचं विणकामाचं पुस्तक घालत. एकदा मला वाळवी लागली होती, पण तोफांची चित्रं बघितली आणि पोराबाळांसकट रातोरात पळाली.

मग माझी मधली फळी वाकली. सुतार म्हणाला, नवीन घालून देतो. तोवर मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, दोन फळ्यांमधलं अंतर मोजलं, मग एकेका पुस्तकाचं माप घेतलं आणि एका लांबलचक वेढ्याच्या इतिहासाचा चौथा खंड वाकलेल्या फळीखाली उभा केला. शिंपीच तो, टेकू अंगाबरोबर बसला. "उद्यापुरतं," म्हणाले. सुतार गाव सोडून गेला आणि तो उद्या काही उजाडला नाही.

पुढे त्या इतिहासाचे तीन खंड मास्तरांनी वाचून संपवले. शेवट चौथ्यात. त्याला हात लावला की मी कुरकुरायची आणि ते हात मागे घ्यायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, अहो, आधी मांडणी रिकामी करा. पण रिकामी करायची म्हणजे सगळ्या आघाड्यांवर माघार, असं मास्तरांचं म्हणणं. शिवाय दोन खोल्यांच्या घरात जमीन उरली होती कुठे? ते आपले तिसरा खंडच पुन्हा पुन्हा वाचायचे. मीही दमत गेले. जगातली सगळी युद्धं माझ्या कंबरेवर, आणि पुसायला कुणी फडकं आणेना.

मग मास्तरांचे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. सुईत दोरा जाईना, दुकान बंद झालं. डॉक्टर म्हणाले, वाचायचं ते आता वाचून घ्या. एका दुपारी ते माझ्यासमोर नुसतेच बसून राहिले. मास्तरीणबाईंनी विचारलं, काय हवंय?

"किल्ल्यात माणसं अडकलीत गं," मास्तर म्हणाले. "त्यांचं काय झालं, तेवढं कळायला हवं."

बाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "ओढा तो खंड. पडली तर पडली."

मास्तरांनी ओढला. आणि मित्रांनो, मी पडले नाही! श्वास रोखला, खिळे आवळले आणि सगळ्या फौजा एकटीने तोलून धरल्या. मास्तरांनी पुस्तक नाकाला लावून उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचलं. शेवटचं पान उलटलं.

"कोण जिंकलं?" बाईंचा आवाज दबलेला आला.

"कोणीच नाही. दोन्हीकडचे दमले. एका सकाळी वेढा उठला आणि सगळे आपापल्या घरी गेले."

"मग आधीच नाही का जायचं?"

मास्तर कितीतरी दिवसांनी हसले. खंड जागेवर सरकवून त्यांनी माझी बाजू थोपटली. "शाबास गं." एवढ्या आयुष्यात मला मिळालेली ही एकच शाबासकी.

आता त्यांना दिसत नाही. कापड मोजायचा लाकडी गज त्यांनी आधीच मापाने कापून माझ्या फळीखाली लावलाय आणि चौथा खंड त्यांच्या उशाशी असतो. बाई वाचून दाखवतात, सेनापतींच्या नावांची पार चिंधी करतात. मास्तर एकदाही दुरुस्त करत नाहीत.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. "उद्यापुरतं" म्हणून कुणाला ओझ्याखाली उभं करून विसरू नका. अधूनमधून काढून बघा, आत काय लिहिलंय ते.

अगं बाई, टणकन वाजलं का काही? खिळा पडला माझा.

बरं, सांगते. त्या दुपारी फौजा मी एकटीने तोलल्या नव्हत्या. मास्तर खंड ओढत होते तेव्हा मास्तरीणबाईंनी वाकून फळीखाली आपला खांदा दिला होता. पूर्ण प्रकरण होईपर्यंत तशाच उभ्या होत्या. मास्तरांना ते दिसलं नाही आणि बाईंनी सांगितलंही नाही. ती शाबासकी त्यांची होती.

वाळवीचं मात्र खरं आहे.